आतला माल

१

दुकानात शिरल्यावर पुढं मांडलेल्या मालाकडं ढुंकूनही बघायचं नाही आणि थेट "आतला माल दाखवा" म्हणायचं, ही नवनाथची जुनी खोड. पिंपरी कॅम्पात चादर घ्यायची असो नाहीतर चाकणच्या बाजारात बटाटे, पुढं ठेवलेलं ते भोळ्याभाबड्यांसाठी आणि चांगलं ते आत, अशी त्याची पक्की समजूत. वर्षाली, त्याची बायको, या खोडीपायी दुकानाच्या बाहेरच उभी राहायची. "मला नाही बाई ऐकवत तुमचं ते," म्हणायची.

नवनाथ मूळचा धाराशिवकडचा. दहा वर्षांपासून चिखलीत भाड्यानं राहायचा आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर मापं घ्यायची, जमलं ते पास करायचं, नाही जमलं ते बाजूला काढायचं. खिशात कायम टेप. गेल्या ऑगस्टात कंपनीनं त्याला तीन आठवडे इंडोनेशियात, जावा बेटावरच्या प्लांटवर पाठवलं. सोबत मेंटेनन्सचा बुद्धरत्न होता. तो देहूरोडचा, बोलायला मोकळा, नवनाथचा जुना दोस्त.

सतरा ऑगस्ट हा तिकडचा स्वातंत्र्यदिन. त्याला जोडून सुट्टी आली, तेव्हा प्लांटवरच्या पोरांनी सांगितलं, की खरेदी करायची तर जोग्याला, म्हणजे योग्यकर्ता शहराला जा, मालिओबोरोच्या रस्त्यावर जा. दोघं रेल्वेनं गेले. रस्ता नाकासमोर सरळ, स्टेशनापासून राजवाड्याकडं जाणारा. मधून घोडागाड्या आणि सायकलरिक्षा. तिकडच्या रिक्षात गिऱ्हाईक पुढं बसतं आणि चालवणारा मागं, ते बघून बुद्धरत्न म्हणाला, "धडकली तर आधी आपण." फुटपाथवरच्या विक्रेत्यांना आता मोठ्या इमारतीत गाळे दिलेत. तिथं बाटिकचे शर्ट, चामड्याच्या बाहुल्या, लाकडी मुखवटे, वेताच्या पर्सा, नुसता रंगांचा पूर. वर्षालीचा मेसेज आला होताच: मैत्रीला फ्रॉक, मला काहीतरी तिकडचंच, आणि ओटीला कापड. जास्त आणा, श्रावण आहे.

मैत्री म्हणजे त्यांची सहा वर्षांची लेक. तिचा फ्रॉक झाला, वर्षालीची पर्स झाली. राहिलं कापड. बाटिकचे तागेच्या तागे लागले होते, कुणीही घेतलं असतं. पण नवनाथला ते पुढं मांडलेलं दिसत होतं ना! त्याला आतला माल हवा होता.

२

बाजाराच्या मागच्या बोळात एक अरुंद दुकान होतं. आत एक म्हातारी बसलेली. डोक्यावरून रुमाल बांधलेला, हातात काही नाही. समोर दोन-चार साधे कपडे टांगलेले आणि मागं एक पडदा.

"सांग तिला, आतला माल दाखव म्हणावं."

बुद्धरत्नच्या मोबाइलवर भाषांतराचं ॲप होतं. इकडून मराठी बोलायचं, तिकडून त्यांच्या भाषेत आवाज यायचा. मोबाइल बोलला. म्हातारी म्हणाली, "तिदा."

"नाही म्हणतेय रे."

"नाही म्हणतेय म्हणजे आहे," नवनाथ म्हणाला. आणि राव, एवढं बोलून त्यानं स्वतःच हात लांब करून पडदा सरकवला.

आत एक फळी होती, बाकी काही नव्हतं. फळीवर एकच कापड घडी करून ठेवलेलं. गडद तपकिरी, त्यावर दुधी रंगाची बारीक नक्षी. नवनाथनं बोटांत धरून पाहिलं. इतकं मऊ सूत त्यानं अख्ख्या रस्त्यावर पाहिलं नव्हतं. तो खूश झाला. म्हातारी उठली नाही, ओरडली नाही, फक्त एक वाक्य बोलली. मोबाइलनं ते मराठीत वाचून दाखवलं, "याचा माणूस अजून यायचा आहे."

"ऑर्डरचं दिसतंय, भावा. सोड," बुद्धरत्न म्हणाला.

"ऑर्डरबिर्डर काही नसतं, भाव वाढवायची तऱ्हा ही. सांग तिला, आला म्हणावं. मीच तो."

बुद्धरत्नला हसू आवरेना, पण तो बोलला. मोबाइलमधल्या बाईनं ते वाक्य गोड आवाजात म्हातारीला ऐकवलं. म्हातारीनं एकच शब्द विचारला. मोबाइल म्हणाला, "नक्की?"

"नक्की म्हण!"

तिनं नवनाथला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मग पायापासून डोक्यापर्यंत. मग उठून कापड फळीवरून काढलं. नवनाथनं हात पुढं केला, पण तिनं ते हातात दिलं नाही. त्याच्या पायांपुढं जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरली. आपल्याकडं मिरची, मीठ असं खाली ठेवतात, हे नवनाथला आठवलं आणि जरा चमत्कारिक वाटलं. किती झाले विचारलं, तर तिनं तोंड फिरवलं. पैसे काही घेतले नाहीत.

"म्हातारीचं मन बघ केवढं," नवनाथ बोळातून बाहेर येताना म्हणाला. बुद्धरत्न मात्र आता हसत नव्हता. त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

३

घरी बॅग उघडल्यावर वर्षाली कापडावरून हात फिरवतच राहिली. "अहो, काय सुरेख आहे! ह्याचे किती पीस निघतील?"

नवनाथनं टेप काढली. कापड पलंगावर पसरून मापलं. एकशे अडुसष्ट सेंटिमीटर भरलं.

"माझ्याएवढं की गं!" तो म्हणाला. कंपनीच्या मेडिकलला त्याची उंची दर वर्षी तेवढीच लागायची. दोघं हसले. मैत्री म्हणाली, "बाबा, झोपा ना त्याच्यावर, बघू." पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ते राहून गेलं.

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी सवाष्ण जेवायला सोजरबाई. त्या घरमालकीण, चिखलीतलं जुनं घराणं. शेतात बिल्डिंगी उभ्या राहिल्या तरी बाईंचं बोलणं आणि वागणं शेतातलंच राहिलेलं. त्यांचे मालक कोंडाजी, पंचाहत्तरीतला सहा फुटी माणूस, अजून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचा. वर्षालीनं नवनाथसमोरच कापडाचा ऐंशी सेंटिमीटरचा पीस कापला, त्यावर नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी घेतली आणि बाईंची ओटी भरली.

"मालकाला आन तुला औक्ष मिळू दे गं बाई," सोजरबाई म्हणाल्या. पिसावरून बोट फिरवत म्हणाल्या, "लई मऊ हाय. ह्याचं झंपर न्हाई शिवायची मी. ठिवते जपून."

४

गौरी आल्या तेव्हा वर्षालीनं विचारलं, "त्या कापडाचे अजून किती पीस निघतील हो?"

"एकच. अठ्ठ्याऐंशी उरलंय," नवनाथ पेपरातून मान वर न करता म्हणाला. एकशे अडुसष्टातून ऐंशी गेले, हिशेब तो केवढा.

"नाही हो, बरंच दिसतंय."

त्यानं उठून मापलं. एकशे बारा.

पुन्हा मापलं. एकशे बारा. टेप कंपनीची, गेल्याच महिन्यात तपासून शिक्का मारलेली. कापताना चूक झाली असेल म्हणावं, तर ऐंशीची खूण त्यानंच करून दिली होती. कापड ताणलं असेल म्हणावं, तर पाण्याला लागलं नव्हतं, वापरात नव्हतं, घडी घालून कपाटात होतं. आणि ताणून ताणून किती ताणेल, चोवीस सेंटिमीटर? नवनाथनं कापडाची कड बघितली. वर्षालीच्या कात्रीचा किंचित वाकडा काप तिथंच होता, जसाच्या तसा.

कारखान्यात अशी गोष्ट घडली असती तर त्यानं लाल चिठ्ठी लावून माल बाजूला काढला असता. इथं कुठली चिठ्ठी लावणार? "काहीतरी गफलत झाली माझी," तो म्हणाला, आणि स्वतःला ते पटवून घेतलं. गौरीला हिरवा खण लागतो, म्हणून वर्षालीनंही कापड पुन्हा तळाला ठेवलं.

५

गणपती बोळवून तीन दिवस झाले होते. सकाळी कोंडाजी दूध आणून खुर्चीत टेकले ते टेकलेच. आजार नाही, कुरकुर नाही. चहाचा कप बशीत तसाच. सोजरबाईंचा टाहो ऐकून बिल्डिंग खाली धावली.

नवनाथ आणि वर्षाली पोचले तेव्हा कोंडाजींना जमिनीवर निजवलं होतं. पोरं पांढरं कापड आणायला गेली होती. तोवर अंगावर काहीतरी हवं म्हणून सोजरबाईंनी हाताला लागलं ते घातलं होतं. गडद तपकिरी, त्यावर दुधी नक्षी.

नवनाथ भिंतीला टेकला. ऐंशी सेंटिमीटरचा पीस, ब्लाउजपीस हो! तो त्या सहा फुटी माणसाच्या कपाळापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पुरला होता. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. त्याच्या हाताला मापं घ्यायची सवय होती, पण डोळ्यालाही होती. टेप काढायची गरज नव्हती.

"एवढुसं तर व्हतं," सोजरबाई हुंदक्यातून सांगत होत्या, कुणी विचारलं नसतानाही. "पेटीतनं काडलं, आंगावर टाकलं, तर पुरलं बघा. कसं पुरलं, मला न्हाई ठावं."

बाया म्हणाल्या, दुःखात माणसाला काही सुधरत नाही. वर्षालीनं नवनाथकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कोंडाजींबरोबर ते कापडही इंद्रायणीच्या काठी जळालं.

आंघोळ करून घरी आल्यावर नवनाथनं मैत्रीला हाक मारली. "भिंतीला पाठ लाव. टाच टेकव. सरळ बघ."

"शाळेत सांगायचंय का उंची?"

"हो."

त्यानं टेप लावली. ते माप त्याला लावायच्या आधीच माहीत होतं, तरी त्यानं लावली. एकशे बारा.

६

त्या दुपारी, मैत्री शेजारी खेळायला गेल्यावर, नवनाथनं दार लावलं आणि कापडाची हातभर पट्टी कापली. उरलेलं मापलं. एकशे बारा. अजून हातभर कापली. एकशे बारा. कापलेल्या पट्ट्या मापायची त्याची हिंमत झाली नाही. त्या त्यानं पुन्हा मोठ्या कापडातच गुंडाळून ठेवल्या. संध्याकाळी उघडून पाहिलं तर पट्ट्या नव्हत्या, एकच सलग कापड होतं.

मग त्यानं वर्षालीला सगळं सांगितलं. म्हातारी, पडदा, मोबाइल, "मीच तो" म्हटलेलं, सगळं.  वर्षाली शेवटी म्हणाली, "म्हणजे आधी ते तुमच्या मापाचं होतं."

"हो."

"आणि मी कापलं."

"तुला काय माहीत होतं गं!"

"मी कापलं," ती पुन्हा म्हणाली. तिच्याकडं बघवेना. नवनाथला मनापासून वाटलं, की ते कापड पुन्हा एकशे अडुसष्ट व्हावं. त्यानं ते अंगावर घेतलं, पलंगावर आडवा झाला, डोळे मिटले आणि मनात म्हणाला, मीच तो, मीच आलो होतो, मला घे. कापड गळ्यापासून गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. त्याला रडू फुटलं.

"जाळून टाकतो," तो उठून म्हणाला.

वर्षालीनं त्याचा हात धरला. "जाळायचं? मैत्रीच्या मापाचं कापड जाळायचं?"

"नदीत सोडतो मग."

"मैत्रीच्या मापाचं? नदीत?"

त्यानं बुद्धरत्नला फोन केला. तो म्हणाला, "अरे, योगायोग असेल." मग म्हणाला, "नवनाथ, तिनं नक्की का म्हणून विचारलं होतं रे." जोग्याला जाऊन परत देऊन यावं, असंही डोक्यात आलं. पण घेऊन जायचं म्हणजे उघडून, गुंडाळून, बॅगेत भरून मैत्रीपासून पाच हजार किलोमीटर न्यायचं, आणि वाटेत काय होईल ते कुणी सांगावं? आणि त्या म्हातारीनं पुन्हा "तिदा" म्हटलं तर?

तिसऱ्या दिवशी वर्षाली भाजी निवडता निवडता म्हणाली, "दिलं की जातं ते. सोजरबाईंना दिलं, त्यांच्याकडं गेलं. त्यांच्या घरातल्या माणसाच्या मापाचं झालं."

नवनाथला तिचं म्हणणं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

"कुणाला?" त्यानं विचारलं.

तिनं भाजीचं ताट पुढं ओढलं. पितृपंधरवडा चालू होता. त्यात ओटी कुणी भरत नाही. पंधरा दिवस ते कापड घरात राहिलं, आणि ते पंधरा दिवस दोघांनी मैत्रीला शाळेत पाठवलं नाही, जिन्यावर एकटं सोडलं नाही, साधी शिंक आली तरी डॉक्टरकडं नेलं. वर्षाली जेवता जेवता उठून तिच्या कपाळाला हात लावून यायची. "मला काय झालंय?" पोर विचारायची. काही नाही गं, काही नाही.

७

स्नेहल वरच्या मजल्यावर नवीन आलेली. नवरा हिंजवडीला नोकरीला, सासू विमलबाई सोबत. सातवा महिना. नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता वर्षालीनं तिला खाली बोलावलं.

नवनाथची सेकंड शिफ्ट होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्यानं काल वर्षालीला एवढंच म्हटलं होतं, "तिला नको गं. तिच्या पोटात..." आणि वर्षाली म्हणाली होती, "मग दुसरं नाव सांगा. सांगा ना! कुणाचं सांगता?" एकेक नाव डोळ्यांपुढून गेलं. प्रत्येक नावाला एक घर होतं. 

स्नेहल पाटावर बसली. हसरी पोरगी. "ताई, कशाला उगाच एवढं?" म्हणाली आणि पदर पसरला. वर्षालीनं हळदीकुंकू लावलं. तिचा हात स्थिर होता. नवनाथला वाटलं, आत्ता ओरडावं, ताट उधळावं, सांगावं हिला, पळ म्हणावं. तेवढ्यात आतल्या खोलीत मैत्री काहीतरी गुणगुणली, आणि तो दारातच उभा राहिला. खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्याला बरंही वाटत होतं.

नारळ, तांदूळ, कापड. वर्षालीच्या हातातून ते पदरात पडलं. जाडसर चौकोनी घडी होती, हातात मावत नव्हती. स्नेहलनं पदर गोळा केला, पोटाशी धरला आणि उठली. दारातून बाहेर पडताना पदराची एक कड सरकली आणि नवनाथला ती घडी पुन्हा दिसली. घडी कुठली, जेमतेम दीड वितीचं कापड उरलं होतं, पोटातल्या बाळाएवढं.

दार लागलं. वर्षाली मोरीत गेली आणि तिनं दोन्ही हात साबणानं धुतले, मग पुन्हा धुतले.

"तुम्ही पण पाहिलंत?" तिनं विचारलं.

"नाही," नवनाथ म्हणाला.

८

त्यानंतर नवनाथचे कान वरच्या मजल्याकडं. स्नेहलची पावलं वाजली की सुटका, नाही वाजली की तो दार उघडून कानोसा घ्यायचा. जिन्यात ती भेटली की तो खाली बघायचा. ती म्हणायची, "दादा, तब्येत बरी नाही का?" मैत्री मात्र शाळेत जाऊ लागली, खिदळू लागली. वर्षाली तिला जवळ घ्यायची आणि मध्येच सोडून द्यायची. दोघा नवरा-बायकोंचं बोलणं मीठ-तेलापुरतं उरलं.

अष्टमीला विमलबाईंनी बिल्डिंगमधल्या मुली कुमारिका म्हणून जेवायला बोलावल्या. सून सुखरूप सुटावी म्हणून नऊ मुलींचे पाय धुवायचे, त्यांना पुरणपोळी वाढायची. मैत्रीला पाठवू नये असं वर्षालीला फार वाटलं. पण विमलबाई स्वतः खाली आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि बोलावलेली कुमारिका घरी कशी ठेवून घेणार? कुठल्या तोंडानं? स्नेहलच मैत्रीचा हात धरून घेऊन गेली.

दुपारी दोनला मैत्री आली. कपाळाला मळवट भरलेला, पायांना कुंकू, तोंडाला पुरण. दोन्ही हातांत छातीशी धरलेलं एक पारदर्शक पाकीट, आत गडद तपकिरी, दुधी नक्षीचं कापड.

"आई, सगळ्यांना रुमाल दिले आणि मला हे! स्नेहलकाकू म्हणाली, माझ्याकडं खूप पीस साठलेत, आणि हे तुझ्या अंगाला छान दिसेल."

 नवनाथ पुढं झाला. "दे इकडं. दे, बाळा. आपण हे काकूला परत देऊ."

"नाही देणार!" मैत्रीनं पाकीट पाठीमागं लपवलं. "विमलआजी म्हणाल्या, कुमारिकेला दिलेलं कुणी परत घेत नाही. त्यांनी मला विचारलं, आवडलं का, घेशील का. मी हो म्हटलं. नक्की का, म्हणाल्या. मी म्हटलं नक्की."

तिनं पाकीट फाडलं, कापड झटकलं आणि खेळात डोक्यावरून घेतलं. ते तिच्या अंगावरून सरळ खाली उतरलं आणि कुंकू लावलेल्या बोटांपाशी येऊन टेकलं. आत ती हसत होती. मग हसायची थांबली.

"मैत्री," वर्षाली म्हणाली.

नवनाथनं हात पुढं केला. कापडाच्या आत, तोंडाच्या जागी, श्वासानं ते जरासं आत-बाहेर व्हायला हवं होतं. तो बघत राहिला. कड त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होती आणि ती उचलायचं त्याला धाडस होत नव्हतं.